मोठा टीव्ही निवडताना: सिनेमाही हवा, गेमही हवा

माझा पहिला मोठा टीव्ही मी दुकानातल्या भिंतीवर बघून घेतला. ओळीने लावलेल्या पंधरा-वीस पडद्यांत तोच सगळ्यांत लखलखीत दिसत होता. घरी आणला, रात्री दिवे मालवून सिनेमा लावला, आणि पहिल्याच अंधाऱ्या प्रसंगात कळलं की काळं म्हणून जे दिसतंय ते राखाडी आहे. पडद्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या येतात ना, त्यासुद्धा धुक्यासारख्या उजळलेल्या. तो टीव्ही सहा वर्षं वापरला आणि सहाही वर्षं नजर त्या पट्ट्यांकडे जात राहिली.

त्यानंतर स्वतःसाठी, नातेवाइकांसाठी, मित्रांसाठी मिळून बरेच टीव्ही निवडले. त्यातून एक मत पक्कं झालं: महाग टीव्हीचे पैसे पॅनेलवर, म्हणजे प्रत्यक्ष पडद्यावर घालावेत. आवाज नंतर साउंडबार लावून सुधारता येतो, ॲप्स बाहेरच्या स्टिकवर चालवता येतात, सेटिंग कधीही बदलता येतं. पॅनेल मात्र घेतलं तेच शेवटपर्यंत. पुढे जे लिहितोय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे, आणि ज्या क्रमाने मी स्वतः जातो त्याच क्रमाने लिहितोय.

पायरी १: आधी खोली बघा

कुठलंही मॉडेल बघण्याआधी एक हातआरसा घ्या. टीव्हीची जी जागा ठरली आहे, तिथे घरातल्या कुणाला तरी तो सपाट धरून उभं करा आणि तुम्ही नेहमीच्या जागी बसा. आरशात खिडकी दिसली तर दिवसा पडद्यावरही खिडकी दिसणार. ट्यूबलाइट दिसली तर प्रत्येक अंधाऱ्या प्रसंगात ती ट्यूबलाइट तुमच्यासोबत सिनेमा बघणार. आरसा थोडा डावीकडे-उजवीकडे सरकवून बघा. कधीकधी टीव्ही दोन फूट सरकवला की सगळं सुटतं.

मग स्वतःला विचारा, टीव्ही जास्त कधी चालणार? दिवसाउजेडी, पडदे उघडे ठेवून, की रात्री मंद दिव्यात? प्रामाणिक उत्तर द्या. पॅनेलचा निम्मा निर्णय याच उत्तरावर होतो.

पायरी २: आकार वर्तमानपत्राने मोजा

टीव्हीचे इंच हे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजलेले असतात. रुंदी त्याहून कमी असते: ५५ इंची टीव्ही साधारण १२२ सेंटीमीटर रुंद, ६५ इंची १४४, ७५ इंची १६६ आणि ८५ इंची १८८ सेंटीमीटर. या मापाने वर्तमानपत्रं जोडून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. मी ६५ आणि ७५ या दोन्हींची मापं चिकटवली होती. पहिल्या संध्याकाळी ७५ अंगावर येतोय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याची सवय झाली आणि ६५ लहान वाटायला लागला. कागदावरचा आकडा हे सांगत नाही.

आकड्यांत हवं असेल तर हिशोब सोपा आहे. बसायच्या जागेपासून भिंतीपर्यंतचं अंतर इंचांत मोजा आणि त्याला १.२ ने व १.६ ने भागा. येणाऱ्या दोन आकड्यांच्या मधला टीव्ही तुमचा. आठ फूट, म्हणजे ९६ इंच अंतर असेल तर ६० ते ८० इंच. १.२ च्या बाजूला गेलात तर पडदा नजरेचे सुमारे ४० अंश व्यापतो आणि चित्रपटगृहासारखं वाटतं, १.६ च्या बाजूला सुमारे ३० अंश, बातम्या-मालिका आरामात बघण्यासारखं. गेम खेळणाऱ्यांनी मोठ्या आकाराकडे झुकावं, फक्त स्पर्धात्मक नेमबाजीचे गेम खेळणाऱ्यांनी थोडं मागे राहावं. तिथे कोपऱ्यातला नकाशा मान न हलवता दिसायला हवा.

५५ वरून ६५ वर गेलं तर पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं. म्हणूनच दहा इंचांचा फरक डोळ्यांना एवढा मोठा वाटतो.

आणि ८के? सोडून द्या. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८० लाखांहून जास्त बिंदू असतात. ६५ इंची पडद्यावर एकेक बिंदू जेमतेम पाऊण मिलीमीटरच्या निम्मा. चांगली नजर असलेल्या माणसालासुद्धा सव्वा-दीड मीटरच्या पलीकडून ते सुटे दिसत नाहीत. तुम्ही बसणार दोन-अडीच मीटरवर. तो पैसा पॅनेलच्या दर्जाकडे वळवा.

पायरी ३: पॅनेल

इथे जरा थांबू, कारण याच ठिकाणी नावं सगळ्यात जास्त गोंधळात टाकतात.

मुळात दोनच जाती आहेत. एक एलसीडी, ज्यात पडद्यामागे दिवे असतात आणि पुढचा द्रव-स्फटिकाचा थर तो उजेड अडवतो किंवा सोडतो. दुसरी ओएलईडी, ज्यात प्रत्येक बिंदू स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो. एलईडी, क्यूएलईडी, मिनी-एलईडी ही तिन्ही नावं पहिल्या जातीची, म्हणजे एलसीडीचीच. क्यूएलईडीत दिव्यांपुढे क्वांटम डॉटचा थर असतो, त्याने रंग जास्त शुद्ध होतात (या अतिसूक्ष्म कणांच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघा शास्त्रज्ञांना मिळालं). पण काळा रंग त्याने गडद होत नाही. क्यूएलईडी आणि ओएलईडी ही नावं एका अक्षराने वेगळी दिसतात, पडदे मात्र पूर्ण वेगळे. दुकानात हा फरक कुणी समजावून देईलच असं धरू नका.

एलसीडीत काळा रंग सुधारायचा उपाय म्हणजे मागचे दिवे गटागटाने मंद करणं. या गटांना डिमिंग झोन म्हणतात. मिनी-एलईडीत दिवे फार बारीक असल्याने झोन शेकड्यांनी, कधी हजारांनी असतात. झोन जेवढे जास्त आणि त्यांना चालवणारा प्रोसेसर जेवढा हुशार, तेवढा काळा रंग खरा. तरीही एक झोन हजारो बिंदूंना उजेड देतो. त्यामुळे काळ्या आकाशातल्या चंद्राभोवती किंवा काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या सबटायटलभोवती उजेडाचं कडं दिसू शकतं. चांगल्या मिनी-एलईडीवर ते शोधावं लागतं, स्वस्त टीव्हीवर ते तुम्हाला शोधत येतं. ज्या टीव्हीत दिवे फक्त कडेला आहेत, म्हणजे एज-लिट, तो मोठ्या आकारात आणि प्रीमियम किमतीत अजिबात घेऊ नका.

ओएलईडीत ही भानगडच नाही. विझलेला बिंदू म्हणजे पूर्ण काळा, आणि शेजारचा बिंदू पूर्ण उजळ असू शकतो. बाजूने बघितलं तरी रंग फारसे उतरत नाहीत, त्यामुळे सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्यालाही तेच चित्र मिळतं. एलसीडीतल्या व्हीए प्रकारच्या पॅनेलमध्ये समोरून काळा छान, बाजूने फिका. आयपीएस प्रकारात बाजूनेही रंग टिकतात, पण मुळातला काळाच फिका. गेमसाठी ओएलईडीचा आणखी एक गुण: बिंदूचा रंग बदलायला जवळपास वेळच लागत नाही, त्यामुळे वेगाने कॅमेरा फिरवला तरी वस्तूंमागे शेपटी दिसत नाही.

उणिवा दोन. पहिली उजेडाची. टीव्हीची जी कमाल प्रखरता निट्समध्ये सांगतात ती बहुधा पडद्याच्या १० टक्के भागावर मोजलेली असते. पूर्ण पडदा पांढरा झाला की ओएलईडी स्वतःला आवरतो आणि प्रखरता चौथ्या हिश्शापर्यंत, कधी त्याहूनही खाली येते. उन्हाने भरलेल्या खोलीत बर्फावरचे खेळ बघताना हे जाणवतं. मिनी-एलईडी तिथे सहज पुढे जातो. दुसरी उणीव बर्न-इनची: एकच लोगो, बातम्यांची पट्टी किंवा गेममधला तोच आरोग्यपट्टा वर्षानुवर्षं तासन् तास एकाच जागी राहिला, तर तिथले बिंदू असमान झिजतात आणि पुसट छाप उरते. मिश्र वापरात, म्हणजे थोडा सिनेमा, थोडा खेळ, दोन-चार वेगवेगळे गेम, मला याची भीती बाळगण्याचं कारण दिसत नाही. पण घरात रोज सहा-आठ तास एकच वृत्तवाहिनी चालत असेल तर ओएलईडी घेऊ नका, मिनी-एलईडी घ्या. वॉरंटीत बर्न-इन धरलं आहे का हे लेखी विचारा.

ओएलईडीतही पोटजाती आहेत. एलजी डिस्प्लेच्या जुन्या धाटणीत पांढऱ्या प्रकाशापुढे रंगीत गाळण्या असतात. सॅमसंग डिस्प्लेचं क्यूडी-ओएलईडी २०२२ पासून टीव्हीत आलं. त्यात निळ्या प्रकाशातून क्वांटम डॉट लाल-हिरवा बनवतात, म्हणून प्रखर दृश्यांतही रंग भरगच्च राहतात. मात्र खोलीत दिवे चालू असताना त्याचा काळा किंचित जांभळट-राखाडी दिसतो. दिवे मालवून बघणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

तर माझा कौल असा: रात्रीचा सिनेमा आणि गेम मुख्य असतील तर मधल्या श्रेणीचा ओएलईडी. दिवसाचा उजेड, दिवसभराचा वापर किंवा ७५ इंचांच्या वरचा आकार हवा असेल तर भरपूर झोनचा मिनी-एलईडी. या मोठ्या आकारांत ओएलईडीची किंमत उडी मारते, आणि त्याच पैशात फार चांगला मिनी-एलईडी येतो.

पायरी ४: एचडीआरच्या नावांना किती महत्त्व द्यायचं

थोडंच. एचडीआर म्हणजे चित्रातले फार उजळ आणि फार गडद भाग तपशिलासह दाखवायची पद्धत. त्यातलं एचडीआर१० सगळ्यांत असतं. त्यात संपूर्ण सिनेमासाठी प्रखरतेची एकच सूचना असते, तर डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ मध्ये दृश्यागणिक सूचना बदलते. सॅमसंगच्या आजवरच्या टीव्हींमध्ये डॉल्बी व्हिजन नव्हतं, एचडीआर१०+ असतं. एलजीत डॉल्बी व्हिजन असतं. स्ट्रीमिंगवरचा बराच मोठा साठा डॉल्बी व्हिजनमध्ये आहे, एक्सबॉक्स सीरिज एक्सचे काही गेमही. प्लेस्टेशन ५ चे गेम मात्र एचडीआर१० मध्येच चालतात. चांगलं पॅनेल साध्या एचडीआर१० मध्येही सुंदर दिसतं. वाईट पॅनेलवर डॉल्बी व्हिजनचा शिक्का असून काहीही होत नाही. टीव्ही ४०० निट्सलाच दमत असेल तर खोक्यावरची एचडीआरची अक्षरं वाचून हुरळू नका.

पायरी ५: गेमसाठी काय विचारायचं

गेम कन्सोल (प्लेस्टेशन, एक्सबॉक्स) टीव्हीला एचडीएमआय पोर्टने जोडतात. विक्रेत्याला "एचडीएमआय २.१ आहे का?" एवढंच विचारलं तर "आहे" हेच उत्तर येईल, आणि ते खोटंही नसेल. हे मानक नोव्हेंबर २०१७ मध्ये आलं, त्याची कमाल क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिट, आधीच्या २.० ची १८. पण २.१ हे नाव लावायला त्यातली सगळी वैशिष्ट्यं द्यावीच लागतात असं नाही. म्हणून प्रश्न असा विचारा: ४के रिझोल्यूशनला १२० हर्ट्झ, व्हीआरआर आणि एएलएलएम हे तिन्ही किती पोर्टवर चालतं, आणि त्यातला ईएआरसीचा, म्हणजे साउंडबारला आवाज पाठवणारा पोर्ट कुठला?

१२० हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकतो. खोक्यावर "मोशन रेट २४०" असं काही लिहिलेलं असेल तर तो जाहिरातीचा आकडा समजा आणि तांत्रिक माहितीत पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट शोधा. गेम खेळत नसलात तरी १२० उपयोगी आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम तीन ठोके आणि पुढची दोन ठोके दाखवली जाते, आणि संथ सरकणारं दृश्य अडखळतं. १२० मध्ये प्रत्येक फ्रेमला सारखे पाच ठोके मिळतात.

व्हीआरआर म्हणजे कन्सोल जसजशा फ्रेम पाठवेल तसतसा पडदा आपला वेग बदलतो, त्यामुळे चित्र मधोमध फाटत नाही. प्लेस्टेशन ५ वर हे ४८ ते १२० या टप्प्यात चालतं. एएलएलएम म्हणजे कन्सोल चालू होताच टीव्ही आपोआप गेम मोडमध्ये जाणं. ही सोय छोटी वाटते, पण गेम मोड बंद असेल तर बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा वेळ, म्हणजे इनपुट लॅग, अनेक टीव्हींवर ५० ते १०० मिलिसेकंदांपर्यंत जातो. गेम मोडमध्ये चांगले टीव्ही ६० हर्ट्झला १०-१५ पर्यंत खाली येतात. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते, यावरून अंदाज करा. बटण दाबलं आणि उडी उशिरा बसली असं वाटत असेल तर दोष तुमच्या बोटांचा नसेल.

आता पोर्ट मोजा. एलजीच्या सी मालिकेत आणि सॅमसंगच्या एस९० मालिकेत चारही पोर्ट पूर्ण क्षमतेचे असतात. सोनीच्या अनेक मॉडेलमध्ये चारपैकी दोनच, आणि त्यातला एक ईएआरसीचा. तिथे साउंडबार लावला की कन्सोलसाठी एकच पूर्ण पोर्ट उरतो. एकच कन्सोल असेल तर अडचण नाही. दोन कन्सोल किंवा कन्सोल आणि संगणक असेल तर हा मुद्दा खरेदीआधीच सोडवा. केबल कन्सोलच्या खोक्यातलीच वापरा. नवी घ्यायची तर "अल्ट्रा हाय स्पीड" असा प्रमाणित शिक्का असलेली.

एलसीडी घेणार असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. गेम मोड लावला की काही टीव्हींचं झोन मंद करण्याचं काम ढिलं पडतं आणि काळा रंग पुन्हा राखाडी होतो. दुकानात गेम मोड लावून अंधारं दृश्य बघाच.

पायरी ६: मॉडेलचं वर्ष

किमतीच्या मानाने सगळ्यात जास्त फायदा इथे आहे. कंपन्या नवी मॉडेलं बहुतेक दर जानेवारीत जाहीर करतात आणि पुढच्या काही महिन्यांत बाजारात आणतात. मग आदल्या वर्षीच्या मॉडेलचा साठा संपवायची घाई सुरू होते. एका वर्षात पॅनेल फार बदलत नाही, किंमत बदलते. नावात वर्ष लपलेलं असतं: एलजीचा सी३ हा २०२३ चा, सी४ २०२४ चा, सॅमसंगचा एस९०सी २०२३ चा, एस९०डी २०२४ चा. गेल्या वर्षीचा मधल्या श्रेणीचा टीव्ही हा माझा नेहमीचा सल्ला आहे. तो मिळेनासा होण्याआधी घ्यावा, कारण साठा संपत आला की हवा तो आकार उरत नाही.

एक सावधगिरी. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आकारांत आतलं पॅनेल वेगळं असू शकतं. ६५ इंचीचं कौतुक वाचून ४३ किंवा ५० इंची घ्याल आणि तो ६० हर्ट्झचाच निघेल. परीक्षण वाचताना कुठल्या आकाराची चाचणी घेतली आहे ते आधी बघा आणि मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून पाहा.

सॉफ्टवेअरवरून टीव्ही निवडू नका. ते तीन-चार वर्षांत मंदावतं आणि छोटी स्टिक लावून प्रश्न सुटतो. आवाजाचंही तसंच: इतक्या पातळ पेटीत चांगले स्पीकर मावत नाहीत. अंदाजपत्रकातला थोडा हिस्सा साउंडबारसाठी आधीच बाजूला काढा.

पायरी ७: दुकानात

दुकानातले टीव्ही शोरूमच्या मोडवर असतात, सगळं भडक. रिमोट मागा, होम मोड आणि मग सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावायला सांगा. सुरुवातीला चित्र पिवळट, मंद वाटेल. दहा मिनिटांत डोळे रुळतात आणि माणसांचे चेहरे माणसांसारखे दिसू लागतात. मग एखाद्या सिनेमाची शेवटची नामावली लावा. काळ्यावर सरकणारी पांढरी अक्षरं ही एलसीडीची सगळ्यात कडक परीक्षा. अक्षरांसोबत उजेडाचा ढग सरकताना दिसला तर तो टीव्ही सोडा. नंतर तीन पावलं बाजूला जाऊन तेच बघा. पाय कुठे आहेत तेही पाहा. बऱ्याच मोठ्या टीव्हींचे पाय अगदी टोकांना असतात आणि घरच्या टेबलावर बसत नाहीत.

पायरी ८: घरी आल्यावर

मोठा टीव्ही दोघांनी उचलायचा, कडांना धरून, उभाच ठेवून. आडवा टाकायचा नाही. खोकं परत करण्याची मुदत संपेपर्यंत जपून ठेवा. पडद्याचा मध्य बसल्यावरच्या डोळ्यांच्या उंचीजवळ असावा; छताकडे मान करून दोन तास सिनेमा बघवत नाही.

पहिल्या आठवड्यात दोन चाचण्या करा. एकदा पूर्ण राखाडी पडदा लावून डाग-पट्टे बघा, आणि एकदा मैदानावरचा खेळ लावून कॅमेरा हिरवळीवरून फिरताना बघा. पडद्यावर मळकट ठिपके स्थिर राहून हिरवळ त्यांच्याखालून सरकतेय असं दिसलं तर बदलून मागा. थोडीशी असमानता प्रत्येक पॅनेलमध्ये असते, ती फक्त चाचणीतच दिसत असेल तर सोडून द्या.

सेटिंगमध्ये: फिल्ममेकर मोड, रंगाचं तापमान वॉर्म, शार्पनेस जवळजवळ शून्य, मोशन स्मूदिंग (मध्ये कृत्रिम फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करणं) बंद. ओएलईडीवर संथ दृश्यं अडखळताना जास्त जाणवली तर स्मूदिंग एक-दोन घरं ठेवायला हरकत नाही. कन्सोलच्या पोर्टसाठी मेनूत जाऊन वाढीव सिग्नलचा पर्याय चालू करा. अनेक टीव्हींवर तो मुळात बंद असतो, आणि लोक महिनोन् महिने ६० हर्ट्झवरच खेळत राहतात. टोन मॅपिंगमध्ये, म्हणजे एचडीआरची प्रखरता टीव्हीच्या आवाक्यात बसवणाऱ्या सेटिंगमध्ये, एचजीआयजी (हे काम कन्सोलवर सोपवणारा पर्याय) असेल तर ते निवडा आणि त्यानंतरच कन्सोलमधलं एचडीआर कॅलिब्रेशन करा. क्रम उलटा झाला तर ढगांमधले आणि ज्वाळांमधले तपशील पांढऱ्यात बुडतात.

ओएलईडी असेल तर रात्री टीव्ही रिमोटने बंद करा आणि भिंतीवरचं बटण चालूच राहू द्या. काही तासांच्या वापरानंतर स्टँडबायमध्ये तो बिंदूंची झीज मोजून सारखी करण्याचं काम करतो. वीज तोडली तर ते काम राहून जातं. कधीतरी रात्री टीव्ही बंद केल्यावर थोड्या वेळाने आतून टक् असा आवाज येईल. तो त्याचं काम संपल्याचा आहे.